खोडेकाकांचा उंच बंब

खोडेकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कोणत्या वर्गात शिकणार तेही विचारलं नाही. मी कॉलेजसाठी त्यांच्या घरी राहायला आलो होतो आणि माझी पत्र्याची ट्रंक खोलीत जमिनीवर टेकवली होती. ती पाहताच ते "अरे अरे अरे!" करत धावत आले. मला वाटलं, ट्रंक कोणाच्या तरी पायावर पडली. काका तसेच बाहेर गेले, चार विटा घेऊन आले आणि ट्रंक विटांवर चढवली. मग कोटाच्या खिशातून वीतभर लांबीची एक लाकडी पट्टी काढून ती ट्रंकेवर आडवी ठेवली आणि एक डोळा मिटून बघू लागले. पट्टीत काचेची नळी होती आणि नळीतल्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा होता. तो जरा डावीकडे सरकलेला होता. काकांनी एका विटेखाली कवेलूचा, म्हणजे छपरावरच्या कौलाचा, तुकडा सारला. बुडबुडा मधोमध आला.

"हां," ते म्हणाले. "आता बोल. नाव काय तुहं?"

मी हिंगणीचा. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे शहरातली माणसं कशी असतात याबद्दल माझ्या मनात आधीच बरीच भीती होती. वर्ध्याला राहणारे सगळेच लोक खिशात पाणसळ ठेवून हिंडतात की काय, असा प्रश्न मला त्या दिवशी पडला, हे कबूल केलेलं बरं.

तसं काही नव्हतं. पाणसळ फक्त खोडेकाकांच्या खिशात होती. ते रेल्वेत मिस्त्री होते. रुळांखालचे स्लीपर, स्लीपरांखालची गिट्टी आणि गिट्टीखालची जमीन यांत त्यांची तीस वर्षं गेली होती. रूळ कुठे अर्धं बोट दबला तर ते नुसतं चालता चालता ओळखत आणि गँगच्या माणसांना सांगून खाली गिट्टी ठोकून घेत. या ठोकण्याला ते 'पॅकिंग' म्हणत. नोकरी संपल्यावर ते वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगावात घर बांधून राहिले, पण पॅकिंग संपलं नाही. घरात पलंगाच्या पायाखाली विटा होत्या, धान्याच्या कोठीखाली दगड होते, तुळशीच्या कुंडीखाली फरशी आणि फरशीखाली पुन्हा गिट्टी.

"आपली जमीन काळी," ते मला समजावत. "पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर भरोसा ठेवूच नाई. जे ठेवाचं ते वर ठेवाचं अन् पॅकिंग कराचं."

एकदा त्यांच्यासोबत मी एका लग्नाला गेलो होतो. पंगत बसली, वरण वाढून झालं, आणि काका नवऱ्या मुलाच्या वडिलांसमोर उकिडवे बसले. "व्याही, जरा उठता काय?" व्याही घाबरून उठले. काकांनी त्यांच्या पत्रावळीच्या पाटाखाली सुपारीचं खांड सरकवलं, पाणसळ ठेवून पाहिली आणि म्हणाले, "बसा आता. वरण तिकडे वाहून राह्यलं होतं." व्याह्यांनी पत्रावळीकडे पाहिलं. वरण खरंच थांबलं होतं.

पण या सगळ्यांत वरचा नंबर बंबाचा होता.

काकांच्या मागल्या अंगणात, न्हाणीला लागून, तांब्याचा एक जुना बंब होता. मधल्या नळीत वरून लाकडाच्या ढलप्या आणि पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचे, तुकडे टाकायचे, नळीभोवती पाणी भरायचं. खालच्या जाळीतून राख ओढायची, खालूनच चिंधी पेटवायची आणि तोटीखाली बादली लावायची. सगळ्यांच्या घरी असतो तसाच बंब. फक्त सगळ्यांचा बंब जमिनीवर आपल्या तीन पायांवर उभा असतो. काकांचा बंब मी आलो तेव्हा विटांच्या ओट्यावर, माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर होता. दिवाळीनंतर काकांनी त्याखाली आणखी दोन थर चढवले. पुढच्या वर्षी थंडी सुरू होण्याआधी आणखी तीन. बंबाची तोटी आता काकूंच्या छातीशी आली होती. बादलीसाठी वेगळा ओटा झाला होता. आणि बंबाचं तोंड इतकं वर गेलं होतं की पाणी भरायला आणि ढलप्या टाकायला काका स्टुलावर चढत. एका हातात घागर, दुसरा हात हवेत. ते दृश्य बघायला शेजारचे घोडमारे मास्तर दात घासता घासता कुंपणाशी येत.

"काय मिस्त्री, पुढल्या साली बंब कवेलूवर ठेवता काय?"

"लेव्हल भेटली तं तिथंही ठेवीन," काका स्टुलावरून म्हणत.

"पर काऊन?"

काका याच प्रश्नाची वाट बघत असत. "मास्तर, इंजन काऊन धावते?"

"वाफेनं."

"गलत. इंजनाची भट्टी जमिनीले टेकत नाई म्हनून धावते. खालून हवा खेळते. भट्टीच्या खाली हवा पाह्यजे. जितकी वर, तितकी हवा. जितकी हवा, तितकं पानी लवकर गरम."

"इंजनाले चाकं बी असतात," आतून काकू म्हणत. "एकदाची तीबी लावा बंबाले. मास्तर, तुमीच शिटी वाजवजा."

काकू बोलायला अशा. अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. कार्तिकापासून माघापर्यंत बंब पेटवायचा तो काकूंनीच. भल्या सकाळी, घरात कोणी उठायच्या आत. मोलकरीण ठेवू म्हटलं तर त्या म्हणत, "आगीले दुसऱ्याचा हात लागला का पानी लवकर तापत नाई." काकांच्या शास्त्रापेक्षा हे शास्त्र मला फार वेगळं वाटलं नाही, पण मी बोललो नाही.

पुढेही बोललो नसतो तर बरं झालं असतं.

मी तेव्हा इंटर सायन्सला होतो. उष्णता हा धडा नुकताच झाला होता, आणि मला तो समजला होता. कॉलेजात मला फारसं काही एका दमात समजत नसे, त्यामुळे त्याचा मला जरा अभिमानच होता. त्या आठवड्यात काका स्टुलावरून घसरले. पडले नाहीत, ओट्याची कड धरून लोंबकळले, पण घागर फुटली. त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, "आता पुरे झालं. उतरवा तो बंब. लोकं हासून राह्यले."

"हासू दे. सायन्स माह्या बाजूनं हाय," काका म्हणाले आणि खोलीकडे वळून त्यांनी हाक मारली, "ओ सायन्स! इकडे ये. सांग तुह्या काकूले, भट्टी जितकी वर तितकी हवा का नाई?"

मी आलो. मला काकांच्या डोळ्यांकडे बघायला हवं होतं. मी बघितलं ते माझ्या हातातल्या वहीकडे. मी अंगणाच्या फरशीवर कोळशाने बंब काढला, गरम हवा वर जाते त्याचे बाण काढले, आणि खूप प्रामाणिकपणे सांगितलं की खालून हवा आत यायला चार बोटं जागा मोकळी असली की पुरते. त्याहून वर नेऊन काही फायदा नाही. ओढ वाढवायची तर नळी उंच करावी लागते, ओटा नव्हे.

"पाहा," काकू म्हणाल्या. "पोरगं शिकलेलं हाय. चार बोटं म्हनते."

काका फरशीवर वाकले. ते माझ्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाण चांगले काढले." दुसऱ्या दिवशी त्यांनी एकट्याने सगळ्या विटा उतरवल्या आणि बंब जमिनीवर ठेवला. खाली फक्त एक थर. बरोबर चार बोटं. पाणसळ लावायला मात्र ते विसरले. ते विसरले, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ मला लावता आला नाही.

तो कळला पाच-सहा दिवसांनी. पौषातली सकाळ होती, नीट उजाडलं नव्हतं. परीक्षेच्या अभ्यासासाठी मी लवकर उठलो आणि तोंड धुवायला मागे गेलो. कंदिलाच्या उजेडात काकू बंबापाशी होत्या. त्यांनी एक हात भिंतीला लावला आणि हळूहळू, जिना उतरावा तशा, खाली बसल्या. राख ओढली, चिंधी पेटवली. मग उठायला लागल्या. उठता येईना. भिंत धरली, अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या. दुसऱ्यांदा तेच झालं. तोंडातून आवाज काढला नाही. पदर दातांत धरला होता.

आणि मी पाहिलं की दाराआड काका उभे होते. अंगावर नुसतं बनियान, दोन्ही हात पुढे केलेले. काकू तिसऱ्यांदा उठायला लागल्या तसे तेही जागच्या जागी त्यांच्याबरोबर वाकले आणि त्यांच्याबरोबर वर झाले. काकू उभ्या राहिल्या. काकांनी हात खाली घेतले, चवड्यांवर चालत आत गेले, पलंगावर पडले आणि मोठ्याने जांभई देऊन म्हणाले, "अवं, पेटवला काय बंब? मले तं आत्ताच जाग आली!"

"झोपा तुमी," काकू म्हणाल्या. "होते पानी."

त्या दिवशी मी कॉलेजात गेलो, पण काही ऐकलं नाही. संध्याकाळी काका परसात विटा रचत बसले होते. मी जवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "काका, मले आधीच काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू? घरच्या बाईच्या कमरेची लेव्हल सांगू काय गावाले?" त्यांनी एक वीट उचलली, दुसरीवर ठेवली, पुन्हा काढली. "तीस वर्षं म्या लायनीवर थंडी खाल्ली. कोनत्याही टायमाले घरी आलो का पानी गरम राहे. एक दिवस चुकलं नाई. दोन वर्षाखाली तिची कंबर गेली. म्या म्हनलं, तू राहू दे, आता मी पेटवतो. तं दोन दिवस जेवली नाई. म्हने, आता माहा काय उपयोग राह्यला घरात?" त्यांनी वीट पुन्हा जागेवर ठेवली. "मंग म्या बंब वर घेतला. थोडा थोडा. तिले वाकाव लागत नाई, अन् मले बोलाव लागत नाई."

आयुष्यात मला एकच धडा नीट समजला होता आणि त्याच्या जोरावर मी हे केलं होतं.

रात्रीचं जेवण झालं तसा मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हणालो, "काकू, मी आज प्रोफेसराईले विचारलं. माहं चुकलं होतं. ते म्हनले, चार बोटं पुस्तकात ठीक हाय. पर काळ्या जमिनीत ओल असते, ती भट्टीची उष्णता ओढून घेते. बंब वरच पाह्यजे. कमरेइतका तरी."

काका भिंतीला टेकून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "प्रोफेसर म्हनले?"

"हो."

"कमरेइतका?"

"हो."

"मंग ठेवा बाप्पा वर," त्या म्हणाल्या. "एवढे शिकलेले सांगून राह्यले तं."

दुसऱ्या दिवशी बंब पुन्हा चढला. यावेळी काकांनी पाणसळ तीन वेळा लावली आणि घोडमारे मास्तरांना कुंपणापाशी बोलावून सांगितलं की कॉलेजातल्या प्रोफेसरांनी आपल्या बंबाचा अभ्यास केला आहे. मास्तर शिक्षक असल्यामुळे प्रोफेसर या शब्दापुढे त्यांचं काही चालेना. ते गुमान दात घासत परत गेले.

आठवड्याभराने काका पवनारला कोणाकडे तरी गेले होते. काकू गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. सुपातून डोकं वर न काढता म्हणाल्या, "बाबू, तुह्या प्रोफेसरले आनखी एक विचारशील काय?"

"काय, काकू?"

"त्या स्टुलाचं विचार. हे चढतात, तं माहा जीव वर टांगून राह्यते. एक खेप घागर फुटली, दुसऱ्या खेपेले काय फुटन? मले सांगता येत नाई. म्या सांगितलं तं म्हनतीन, मी काय म्हातारा झालो?" त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "स्टूल नाई, विटाच्या पायऱ्या पाह्यजेत, अन् दोन्हीकडे धराले कठडा पाह्यजे, असं सायन्स म्हनते म्हन. माहं नाव घेऊ नको. प्रोफेसरचंच सांगजो."

म्हणजे काकूंना सगळं ठाऊक होतं. कधीपासून, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी "सांगतो" म्हणालो.

काका आल्यावर मी सांगितलं. विटांच्या पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, प्रोफेसरांचं म्हणणं. काकांनी कोट काढता काढता ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत काकू मोठमोठ्याने भांडी लावत होत्या, त्यांना काही ऐकूच येत नव्हतं.

"कठडासुद्धा?" काकांनी विचारलं.

"हो."

"लय बारीक विचार करतात तुहे प्रोफेसर." त्यांनी कोट खुंटीला लावला. "लगन झालं हाय काय त्याईचं?"

"झालं असन," मी म्हणालो.

"तरीच," काका म्हणाले, आणि विटा मोजायला परसात गेले.