दहा जणांनी पाहिलेली स्लाइड

शिकाऊ डॉक्टर घडवणाऱ्या एका मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात दहा जणांनी एकाच वेळी पाहायचा एक मायक्रोस्कोप आहे. रुग्णाच्या शरीरातून काढलेल्या तुकड्याची पातळ चकती काचेवर चढवतात, ती स्लाइड खाली ठेवतात आणि टेबलाभोवती बसलेले दहा डॉक्टर आपापल्या भिंगांतून ती एकदम पाहतात. पहिली जागा विभागप्रमुखांची. पुढच्या जागा सेवाज्येष्ठतेनुसार. दहावी, दाराजवळची, त्या वर्षी दाखल झालेल्या निवासी डॉक्टरची. यंदा तिथे जी मुलगी बसली तिला सगळे 'नवी' म्हणत. नाव दुसऱ्या वर्षी विचारायची पद्धत होती.

पहिल्याच सोमवारी नवीने भिंगांना डोळे लावले आणि तिला काळाकुट्ट अंधार दिसला. विभागप्रमुख सर भिंगांत खुणेसाठी दिसणारा हिरवा बाण फिरवत होते, निदान तसं सगळे धरून चालले होते.

"हा बघा पेशींचा गोंधळ. दिसला?"

"दिसला सर" हे शब्द टेबलाभोवती फिरत फिरत नवव्या जागेपर्यंत आले आणि मग सगळे तिच्यासाठी थांबले. खुर्चीत बसून पाच मिनिटं झालेल्या मुलीने नऊ डॉक्टरांचा खोळंबा करायचा म्हणजे अतीच झालं. "दिसला सर," नवी म्हणाली आणि पुढे आलेल्या रिपोर्टवर तिने दहावी सही ठोकली.

संध्याकाळी ती डोळे तपासायला गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर उत्तम असल्याचं लिहून दिलं. तो कागद तिने शेजारच्या जागेवरच्या, तिच्याहून एक वर्ष पुढे असलेल्या ताईला दाखवला.

"ताई, मला काहीच दिसत नाही हो."

"पहिल्या वर्षी नाहीच दिसत."

"तुम्हाला दिसतं?"

"मला आता सवय झालीये," ताई म्हणाली. "आणि मायक्रोस्कोपच्या दुरुस्तीचा अर्ज वगैरे करायला जाऊ नकोस. त्यात 'केव्हापासून दिसत नाही' असा रकाना आहे. कालपासून लिहिलंस तर कालचे रिपोर्ट परत मागवतील. गेल्या वर्षापासून लिहिलंस तर गेल्या वर्षीचे. सरसुद्धा कधीकाळी दहाव्या जागेवर बसलेत, हे लक्षात ठेव."

नवीने तरीही अर्ज आणला, तो रकाना सोडून बाकी सगळा भरला आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवायला गेली. खणात तोच रकाना सोडून भरलेले सहा अर्ज आधीपासून होते.

सोमवारची ती स्लाइड भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या एका माणसाची होती. जिभेच्या कडेला दोन महिने जखम, बरी व्हायचं नाव नाही. विभागाचं निदान: कर्करोग. गुरुवारी सकाळी सर्जन त्याची अर्धी जीभ कापणार होते. ज्याचं पोट जिभेवर चालतं त्याची अर्धी जीभ, आणि खाली नवीची सही.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती रिकाम्या टेबलाशी आली आणि एकेका खुर्चीवर बसून पाहू लागली. दहावीवर अंधार. नववीवर अंधार. आठवी, सातवी, सहावी, तिथेही तेच. दुसऱ्या खुर्चीपर्यंत कुठेही उजेडाचा थेंब नव्हता. पहिल्या जागेवर मात्र लख्ख उजेड होता. फक्त स्लाइड उलटी ठेवलेली होती, त्यामुळे तिथूनही सगळं धूसरच.

मग तिने ती स्लाइड आपल्या टेबलावरच्या जुन्या, एकट्याने पाहायच्या मायक्रोस्कोपवर लावली. दोन तास इंच इंच तपासली. जखम होती, सूज होती, पण कर्करोग कुठेही नव्हता. तिने स्लाइडसोबत सर्जनकडून आलेला फॉर्म उलगडून पाहिला. त्यावर रुग्णाचा एक दात तुटून धारदार झाल्याची नोंद होती. जीभ रोज त्या दातावर घासत होती, एवढीच भानगड. शेजारी सर्जनच्या अक्षरात होतं: 'रुग्णाच्या मेहुण्याच्या मते कॅन्सर?' आणि त्याखाली पेन्सिलीने, बारीक आणि सुबक अक्षरात: 'कॅन्सर.'

पेन्सिल स्लाइड बनवणाऱ्या काकांची होती.

"काका, तुम्हाला निदान कसं कळतं?"

"मला कुठून कळणार बाई? सर्जनने वर लिहिलेलं असतं. मी फक्त प्रश्नचिन्ह काढून टाकतो. सरांना प्रश्नचिन्ह आवडत नाही."

नवी तडक सरांकडे गेली. सर स्वभावाने प्रेमळ होते, त्यांनी तिला बसायला सांगितलं.

"सर, ती जिभेची स्लाइड मी माझ्या मायक्रोस्कोपवर पाहिली. त्यात कॅन्सर नाहीये."

"दहा जणांना दिसला, बाळ."

"सर, मला दिसला नव्हता."

सरांनी रिपोर्टची प्रत काढली आणि दहाव्या सहीवर बोट ठेवलं. "मग ही कोणाची?"

"माझीच, सर," म्हणत नवी उठली.

तरी विभागाचा कारभार अगदीच बेफिकीर होता असं कोणी म्हणू नये. अवयव कापायचा असेल तर फेरपडताळणी सक्तीची होती. तीच स्लाइड, तेच दहा जण, तोच मायक्रोस्कोप, फक्त वार बुधवार. त्या सकाळी नवी सगळ्यांच्या आधी आली. खोडरबर घेतला, काकांचा एक शब्द खोडला आणि त्यांच्यासारखंच अक्षर काढून लिहिलं: 'दातामुळे जखम.' हे बरोबर नाही हे तिला कळत होतं, आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

सरांनी फॉर्म पाहिला, मग भिंगांत पाहिलं. "ही साधी जखम आहे, दातामुळे झालेली. सोमवारी पेशींनी आपल्याला चकवलं. आता दिसलं?"

नऊ जणांना लगेच दिसलं. आठवी जागा तर म्हणाली की तिला सोमवारीच शंका आली होती. नव्या रिपोर्टवर दहा सह्या झाल्या.

दुपारी लिलाववाला नवा रिपोर्ट घेऊन विभागाच्या खिडकीशी, नवीसमोर, उभा राहिला. जीभ जड झाल्याने शब्द चाचपडत येत होते.

"डॉक्टरबाई, सोमवारी कॅन्सर, बुधवारी दात. खरं सांगा, ही स्लाइड बघितली कोणी?"

या माणसाशी तरी खोटं बोलू नये असं नवीला मनापासून वाटलं.

"खरं सांगू? मी एकटीने. पण नीट बघितलीये, दोन तास. तुम्हाला काही झालेलं नाही."

त्याचा चेहरा उतरला. "एकटीने?"

"हो."

"बाई, राग मानू नका. पण बाजारात एकाच माणसाने बोली लावली तर आम्ही माल सोडत नाही, मग माणूस कितीही चांगला असू दे. सोमवारी दहा जणांनी बघितलं होतं. आता तुम्ही एकट्या म्हणताय म्हणून मी ऑपरेशन सोडू? उद्या व्हायचं ते होऊन जाऊ दे."

त्याने रिपोर्ट खिशात कोंबला आणि तो ऑपरेशन विभागाच्या जिन्याकडे वळला. तीन पायऱ्या चढलासुद्धा.

"अहो, थांबा," नवीने हाक मारली. "चुकून बोलले मी. दहा जणांनी बघितलंय. सगळ्यांना दिसलंय. खाली सह्या बघा."

त्याने रिपोर्ट काढून एकेका सहीवर बोट ठेवत दहापर्यंत मोजलं. मग हसला.

"मग आधीच असं बोलायचं ना, बाई. जीव घाबरवलात उगाच." आणि तो दाताच्या डॉक्टरचा पत्ता विचारत निघून गेला.

तीन आठवड्यांत त्याची जीभ बरी झाली. नवी अजून दहाव्या जागेवर बसते आणि विचारलं की "दिसलं सर" म्हणते. तिचं वागणं तुम्हाला पटलं नसेल, तर त्या खिडकीशी जरा तुम्ही उभे राहून बघा. जीभ तुमची, ऑपरेशन उद्या सकाळी. एका रिपोर्टवर दहा सह्या आहेत, आणि समोर एक मुलगी सांगतेय की मी एकटीने नीट पाहिलंय. तुम्ही जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबला असतात?