कावळ्याला दिलेला शब्द

विद्याधरच्या पिंडाला कावळा शिवेना.

मुलुंडच्या स्मशानाच्या मागच्या भिंतीवर कावळे ओळीने बसले होते, पण खाली ठेवलेल्या भाताच्या गोळ्यांशी आपला काही संबंध नाही असा त्यांचा चेहरा होता. शेजारच्या कट्ट्यावर कुणा आजींचा दहावा चालला होता. त्यांच्या पिंडांचा कावळ्यांनी केव्हाच फडशा पाडला होता. आजी तृप्त होऊन गेल्या असणार.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मोबाइलवर वेळ पाहिली. त्यांना पुढे भांडुपला दुसरा दहावा होता. "बोला, घरच्यांनी शब्द द्या."

विद्याधरचा मुलगा शौनक पुढे झाला. तो कॅनडातून आला होता आणि त्याचं परतीचं विमान ठरलेलं होतं. "बाबा, आईला मी सांभाळीन," तो म्हणाला. कावळे ढिम्म. "बाबा, इथला फ्लॅट विकणार नाही." यावर एक कावळा उडून आणखी लांबच्या भिंतीवर जाऊन बसला. फ्लॅटची किंमत काढायला शौनकने परवाच एजंट आणला होता हे सोसायटीत सर्वांना ठाऊक होतं. ते कावळ्यालाही ठाऊक असावं.

"अहो, तुमची सायकल भंगारात नाही देणार मी!" विद्याधरची बायको शुभा रडत रडत म्हणाली.

एका कावळ्याने मान तिरकी केली.

"सायकलचंच काहीतरी आहे," गुरुजींनी निदान केलं. "आठवा, आठवा."

सगळ्यांच्या मागे, खांबाच्या आडोशाला उभे असलेले नंदकिशोर आणखी आत सरकले. काय राहिलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलुंडहून निघायचं, बदलापूर गाठायचं, तिथून बारवी धरणाच्या जंगलातून मुरबाडला जायचं आणि कल्याणवरून परत यायचं. डोंगर, झाडी, मधली छोटी छोटी गावं. विद्याधरने या फेरीचा नकाशा फ्रिजवर चिकटवला होता आणि दर हिवाळ्यात तो खालून हाक मारायचा, "नंद्या, यंदा चल रे! दोघं जाऊ. एकट्याला काय मजा?" नंदकिशोर जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासत बसलेले. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि आपण काही करायचं नाही, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही, ही त्यांची रीत. कधी त्यांनी गुडघे पुढे केले, कधी मोतीबिंदू. एकदा तर वाचनालयाची पुस्तकं परत करायची आहेत असंही सांगितलं. शेवटी एकदाचे हो म्हणाले होते. आदल्या संध्याकाळी विद्याधर पार्किंगमध्ये साखळीला तेल घालत बसला, तो उठलाच नाही. त्या वेळी नंदकिशोर घरात पोटदुखीचा निरोप कसा द्यावा याचा मसुदा करत होते. निरोप द्यावाच लागला नाही. मरतानाही विद्याधरने आपली सोय पाहिली, या विचाराने त्यांना त्या दिवसापासून झोप नव्हती.

"कुणीच नाही का?" गुरुजी वैतागले. "मग दर्भाचा कावळा करून शिववू या."

दर्भाचा कावळा हे शब्द ऐकताच शुभाने असा हुंदका दिला, की नंदकिशोर खांबामागून बाहेर आले. ते पुटपुटले, "विद्या, तुझी ती बारवीची फेरी मी करीन."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला आणि त्याने पिंडात चोच खुपसली.

"बघा!" गुरुजी सामान आवरत म्हणाले. "काका, मासिक श्राद्धाच्या आत उरका हं. शब्द दिलाय."

घरी आल्यावर नंदकिशोरांच्या पत्नी जयंतीबाईंनी चपला काढायच्या आधीच सुरुवात केली.

"तुम्हाला विचारलं होतं कुणी?"

"नाही."

"मग?"

"तोंडातून गेलं."

"माझ्यासमोर जन्मात एक वाक्य सरळ गेलं नाही तोंडातून. कावळ्यासमोर बरं गेलं!"

संध्याकाळी शुभा पिशवी घेऊन आली. आत हेल्मेट होतं, पिवळाधमक टीशर्ट होता आणि बुडाशी उशी शिवलेली काळी तंग चड्डी होती. "भावजी, हे ह्यांचं. तुम्हाला होईल. ह्यांना बरं वाटेल." एवढं म्हणून ती डोळे पुसत गेली.

जयंतीबाईंनी ती चड्डी दोन बोटांत धरून दिव्यासमोर पाहिली. "गेलेल्या माणसाची चड्डी घालून मुरबाडला जाणार तुम्ही? आणि सांगून ठेवते, ही माझ्या मशीनमध्ये पडणार नाही."

सायकल एकदा आली की माणूस विसरत नाही म्हणतात. नंदकिशोर विसरले होते. त्यांनी वाचनालयातून सायकलवरचं एक पुस्तक आणून दोनदा वाचलं आणि गिअरची तत्त्वं तोंडपाठ केली. मग रोज पहाटे पार्किंगमध्ये वॉचमनने सीट धरायची आणि त्यांनी तत्त्वं म्हणत पडायचं, असा क्रम चालू झाला. शौनकने जाण्यापूर्वी वडिलांचा फोन सायकलच्या हँडलला घट्ट बसवून दिला. "काका, यात रस्ता आहे. बाबांचं सायकलचं अ‍ॅपही चालू ठेवलंय. नाहीतर तुम्ही ठाण्यातच हरवाल." नंदकिशोरांना यात हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही. तशी हरकत त्यांनी आयुष्यात कशालाच घेतली नव्हती.

मासिकाच्या आधीच्या रविवारी ते अंधारातच निघाले. त्यांचा बेत साधा होता. बदलापूरपर्यंत जायचं, तिथे एक चहा प्यायचा, नाही जमत म्हणायचं आणि परत फिरायचं. प्रयत्न केला हे कावळ्याला पुरावं.

वाटेत हँडलवरचा फोन सारखा टुणटुणत होता. दोन्ही हात ब्रेकवर असल्याने त्यांना तो बघता येत नव्हता. बदलापूरला चहाच्या टपरीपाशी ते सायकलसकट एका बाकावर कलंडले आणि मग त्यांनी फोन पाहिला. विद्याधरच्या अ‍ॅपने त्याच्या सायकलवाल्या मित्रांच्या ग्रुपवर इमानाने वर्दी दिली होती: विद्याधर राइडला निघाला आहे.

"हे काय रे? अंगावर काटा आला!"

"कोण मस्करी करतंय? लाज वाटू द्या जरा."

"यार, तो शीळफाट्याला पोचला पण!"

मग कुणीतरी खुलासा केला होता. "शुभावहिनींना विचारलं. नंदूकाका आहेत. विद्याधरसाठी जातायत." त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती आणि सर्वांत शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "विद्या, थांबू नकोस!"

तेवढ्यात त्यांच्या स्वतःच्या फोनवर शुभाचा फोन आला. "भावजी, मी स्क्रीनसमोर बसलेय हो. तो निळा ठिपका हलतोय. नाव ह्यांचंच येतंय. वाटतंय हेच चाललेत." तिचा आवाज ओला होता, पण महिन्याभरात पहिल्यांदाच त्यात जीव होता. "आता जंगल लागेल ना? ह्यांना फार बघायचं होतं ते."

नाही जमत, हे वाक्य नंदकिशोरांच्या घशापर्यंत आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं आणि मेलेल्या मित्राच्या नावाने ते बारवीकडे वळले.

जंगल सुंदर होतं असं म्हणतात. नंदकिशोरांना त्यातला फक्त चढ दिसला. गिअरची सगळी तत्त्वं पहिल्याच वळणावर संपली आणि ते उतरून सायकल ढकलू लागले. पुढे त्यांनी केळी काढली, ती माकडाने नेली. पाण्याची बाटली घरंगळत दरीत गेली. माथा येतो न येतो तोच पुढच्या चाकात काटा शिरला आणि चाकाने फुस्स करून जीव सोडला. पुस्तकात पंक्चरचं प्रकरण होतं, पण ते त्यांनी अवांतर म्हणून वगळलं होतं.

ते एका दगडावर बसले. ना माणूस, ना गाडी. फोन मात्र टुणटुणत होता.

"विद्याधर थांबलाय का?"

"जेवत असेल."

"छे, तो एवढा वेळ थांबायचा नाही कधी."

"वहिनी घाबरल्यात. कुणीतरी काकांना फोन लावा ना!"

फोन लावण्याइतकी रेंज तिथे येत नव्हती, फक्त ग्रुपवरचे निरोप येण्याइतकी येत होती. विद्याधरला आपण दुसऱ्यांदा मारतोय असं नंदकिशोरांना वाटलं आणि पिवळ्या टीशर्टच्या बाहीने ते डोळे पुसू लागले.

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. पांढरी, लांबट, मागे काचा असलेली. बाजूला लिहिलं होतं: 'अंतिम प्रवास. मोफत सेवा. शववाहीका.' शववाहिकेतली 'हि' ऱ्हस्व हवी, हे त्या अवस्थेतही त्यांच्या लक्षात आलं.

"काका, काय झाला? रडतास कित्याक?" ड्रायव्हरने मान बाहेर काढली. त्याचं नाव लवू. मूळचा मालवणचा, राहायला भांडुपला. धरणाजवळच्या पाड्यावर एक बॉडी पोचवून तो रिकामा परतत होता. मुरबाडचा रस्ता चांगला म्हणून तिकडूनच कल्याणला निघाला होता. "पंक्चर काय? चला, बसा. हय रात काढलात तर परत माकाच येवचा लागात तुमका न्यायला."

"यात?"

"मग? माझ्या गाडीत बसलेल्या माणसाची आजपर्यंत एक तक्रार नाय!"

पुढच्या सीटवर गावकऱ्यांनी दिलेलं तांदळाचं पोतं होतं. सायकल मागे, जिथे गेलेल्या माणसाने झोपायचं तिथे आडवी झाली. नंदकिशोर बाजूच्या बाकावर तिचं चाक धरून बसले. गाडी हलली आणि निळा ठिपकाही हलला. अ‍ॅप बंद करायचं त्यांना सुचलं, पण ते कसं बंद करायचं हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

"सुटला! विद्याधर सुटला!"

"अरे, चढावर एवढा स्पीड? काका काय खातात?"

"ही काकांची ताकद नाही. हा विद्याच आहे. डोळ्यांत पाणी आलं यार."

मुरबाडच्या बाजारात गाडीचा वेग कमी झाला. रस्त्याकडेची माणसं शववाहिका पाहून हात जोडत होती. नंदकिशोर भिडस्त माणूस. कुणी नमस्कार केला आणि आपण नाही केला, असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. काचेतून एका भाजीवालीने हात जोडलेले दिसताच त्यांनीही आतून हात जोडले आणि मान लववली. भाजीवालीने अशी किंकाळी फोडली की लवूने गिअर बदलला. नंतर कल्याणपर्यंत ठिपक्याने मागे वळून पाहिलं नाही.

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे, पंक्चरवाल्यापाशी, त्यांनी लवूला हात जोडून सायकल उतरवून घेतली. "परत कधी लागला तर फोन करा," लवू सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

घराकडचा शेवटचा रस्ता मात्र नंदकिशोरांनी खरोखर सायकलवरून कापला. सोसायटीच्या फाटकात माणसं जमली होती. कुणी हार आणला होता. एका तरुणाने मोबाइल उंच धरून जाहीर केलं, "बारवी ते कल्याण! या रस्त्यावरचा आजवरचा सगळ्यात फास्ट सायकलवाला कोण? आपला विद्याधर!" टाळ्या कडाडल्या.

"त्याचं असं आहे, की मध्ये जरा..." नंदकिशोर म्हणाले.

पण समोर शुभा उभी होती आणि ती हसत होती. विद्याधर गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. "भावजी, ह्यांना सगळे म्हातारा म्हणायचे हो! बघा म्हणावं आता!"

नंदकिशोरांनी तोंड मिटलं. उभ्या आयुष्यात प्रथमच त्यांना ढळढळीत चूक दिसत होती आणि ती दुरुस्त करता येत नव्हती.

जिन्यात जयंतीबाईंनी त्यांच्या पाठीवरून काहीतरी उचललं. झेंडूची चुरगळलेली पाकळी होती. त्यांनी ती उजेडात धरली, हुंगली. चड्डीच्या उशीला लागलेला गुलालही पाहिला.

"बारवीच्या जंगलात झेंडू फुलतो?"

"असेल," नंदकिशोर म्हणाले.

"असेल," जयंतीबाई म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या नाहीत म्हणजे काय, हे नंदकिशोरांना नीट कळत होतं.

मासिक श्राद्ध शुभाच्या घरी झालं. भिंतीवर विद्याधरच्या तसबिरीशेजारी त्या विक्रमाचा कागद चौकटीत बसवून लावला होता आणि त्यालाही हार होता. जेवणाआधी कावळ्याचं पान गच्चीत ठेवलं. भात, वडे, खीर, अळूची भाजी, सगळं विद्याधरच्या आवडीचं. कावळा लगेच आला. पाण्याच्या टाकीवर बसला. आणि तिथेच बसून राहिला.

शुभाने हात जोडले. ग्रुपवाल्यांनी जोडले. गुरुजींनी मोबाइलवर वेळ पाहिली. कावळा पानाकडे बघेना. तो मान वळवून एकटक नंदकिशोरांकडे बघत होता.

"आता काय राहिलं असेल हो ह्यांचं?" शुभाचा चेहरा उतरला. "फेरी तर झाली. फर्स्ट आले."

नंदकिशोर पुढे झाले. मग सर्वांना पाठमोरे होऊन ते टाकीच्या अगदी जवळ गेले आणि कावळ्याला तेवढं ऐकू जावं इतक्या हळू म्हणाले, "पुढच्या रविवारी. दगडापासून पुढे नाही, पहिल्यापासून सगळी. या वेळी पंक्चरचं प्रकरण वाचून जाईन."

कावळ्याने क्षणभर विचार केला. त्याचा यांच्यावर फारसा विश्वास नसावा. पण तो खाली उतरला आणि त्याने आधी वडा उचलला.

"शिवला, शिवला!" मागे सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि मंडळी पानांवर बसायला खाली पळाली.

नंदकिशोर वळले, तर जयंतीबाई तिथेच उभ्या होत्या. एवढ्या जवळ, की त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. त्या काही क्षण कावळ्याकडे बघत राहिल्या, मग नवऱ्याकडे.

"चला जेवायला," त्या म्हणाल्या. "आणि ती चड्डी काढून ठेवा. मशीनला लावते."