तुर्की बंदुकीचे सहा बार

“तुर्की?” युलिसकाकांनी कॉफीचा कप टेबलावर असा आपटला की अर्धी कॉफी बशीत आली. “बदकं मारायला तुर्की बंदूक? अगं पोरी, त्यापेक्षा गम्बोच्या रश्श्याचा डाव घेऊन चल!”

“डावाने पाखरू पडलं असतं तर तुम्ही इटलीहून बंदूक कशाला मागवली असती, काका?” ओडील म्हणाली. ऐकून घेणं हा गुण तिच्या बापाकडच्या कुणातच नव्हता, तिच्यात कुठून येणार?

बंदूक तिने काही अशीच उचलली नव्हती. शाळेची बस चालवून चालवून उजवा खांदा निकामी व्हायला आला होता. दर बाराला हाताने मागेपुढे ओढायची बंदूक आता झेपत नव्हती. बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी, खांद्याला धक्का कमी देणारी हवी होती. दुकानदाराने तीन इटालियन बंदुका काढून दाखवल्या. शेजारणीचं मूल कडेवर घ्यावं तशी तिने एकेक घेतली, कौतुक केलं आणि परत दिली. बसवालीच्या पगारात त्यातली नळीसुद्धा आली नसती. मग कोपऱ्यातली ती तुर्की उचलली. वजनाला हलकी, खाऱ्या हवेत गंजणार नाही अशी, आणि खांद्याला लावताच गपकन बसली. घरामागे रिकाम्या डब्यांवर तिने पन्नास बार काढले. एकदाही अडकली नाही.

पण खरा प्रश्न बंदुकीचा नव्हता, जागेचा होता. बायूच्या, म्हणजे गावाजवळच्या संथ खाडीच्या, पलीकडच्या दलदलीत खांबांवर उभं केलेलं, गवताने शाकारलेलं त्यांच्या घराण्याचं शिकारीचं एक लपण होतं. त्यातली पूर्वेकडची जागा तीस वर्षं ओडीलच्या बापाची, तेओफिलची. पाखरं तिकडूनच उतरायची. वसंतात तेओफिल गेला, आणि युलिसकाकांच्या मनात ती जागा आपल्या जावयाला, ह्यूस्टनच्या ट्रॅव्हिसला द्यायची होती. ओडीलला ती जागा हवी होती. बापामागे तिने दुसरं काहीही मागितलं नव्हतं.

“ठीक आहे,” काका म्हणाले. “शनिवारी शिकारीचा हंगाम सुरू होतोय. तू बस पूर्वेला. पण तुझी ती तुर्की एकदा जरी अडकली ना, तर जागा ट्रॅव्हिसची आणि तू चुलीपाशी. कबूल?”

“कबूल!”

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण ओडीलला नवरा होता, आणि नवरा प्रेमळ होता. शुक्रवारी संध्याकाळी अल्सीडच्या मनात आलं, आपली बायको उद्या एवढ्या मोठ्या परीक्षेला बसतेय, आपणही काहीतरी हातभार लावावा. नवऱ्याच्या मनात असं काही आलं की घरातल्या वस्तूंनी जपून राहावं.

त्या मुलखात काकवीचा डबा संपला म्हणून कुणी फेकत नाही. त्यात खिळे ठेवतात, गळ ठेवतात, यंत्राचं तेल ठेवतात. अल्सीडचं बंदुकीचं तेल असंच एका पिवळ्या डब्यात होतं. त्याच दुपारी त्याच्या बहिणीने नव्या उसाची काकवी आणून दिली होती, तीही पिवळ्या डब्यात, त्याच फळीवर. अल्सीडला पडसं झालेलं, त्यामुळे वास नाही. चष्मा गाडीत. त्याने बंदूक उघडली, आतला एकही सांधा कोरडा राहू दिला नाही, आणि समाधानाने झोपायला गेला.

“सगळं तेलपाणी केलंय गं,” पहाटे तो म्हणाला. “लोण्यासारखी चालेल.”

“देव तुझं भलं करो,” ओडील म्हणाली. हे शब्द तिने तासाभरात परत घेतले.

पहाटे चांगलीच थंडी होती. लपणात चौघं बसली: ओडील, काका, ट्रॅव्हिस आणि काकांचा कुत्रा पोपोल. समोर पाण्यात पाखरांना भुलवायला सोडलेली लाकडी बदकं डोलत होती. काकांनी बदकासारखी ओरडणारी पिपाणी वाजवली. पहिला थवा वळला, ओडीलने चाप ओढला आणि एक नर बदक छपकन पाण्यात पडलं. तिने दुसऱ्यावर नेम धरला, पुन्हा चाप ओढला.

काहीच नाही!

बंदुकीचा दट्ट्या अर्ध्यावर येऊन बसला होता. तिने दोन्ही हातांनी तो मागे खेचला. ‘खर्रर्र’ असा आवाज झाला, तो लपवायला ती जोरात खोकली. रिकामं काडतूस चिमटीत धरून उपटलं, तर बोटं चिकट. तिने बोट चाटलं. गोड!

“अल्सीड, मेल्या!” ती पुटपुटली.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“काही नाही. पडसं. अल्सीडचं लागलं वाटतं.”

आता सांगावं तर जागा गेली. न सांगावं तर दर बाराला ही कुस्ती. शेजारी काका आणि ट्रॅव्हिस धाड-धाड-धाड तीन-तीन बार काढत होते. ओडीलला मिळणार एकच. म्हणून तिने दोन थवे सोडून दिले. तिसऱ्यातलं एक बदक पंख पसरून, पाय खाली सोडून अगदी डोळ्यांसमोर आलं, तेव्हा तिने एक बार काढला. दोन झाली. मग खोकला, खर्रर्र, नवं काडतूस.

“बाई, औषध घे काहीतरी,” ट्रॅव्हिस म्हणाला. “पाखरं बुजतायत.”

“पाखरं तुमच्या आतषबाजीला बुजतायत, जावईबापू.”

पोपोलने दुसरं बदक आणून ओडीलच्या हातात दिलं आणि तिथेच बसून बंदूक चाटायला लागला. काका हाका मारून दमले. पाण्यात त्यांनी पाडलेलं एक बदक तरंगत होतं, पण कुत्रं जागचं हलेना.

“हे काय चाललंय याचं?”

“माझा लळा लागलाय त्याला.”

“मग बंदूक का चाटतंय?”

“लाजतंय.”

चौथ्या बदकापर्यंत ओडीलच्या हातांना, बाहीला आणि बंदुकीच्या दस्त्याला पिसं चिकटली होती. लांबून पाहिलं तर ती कोंबडी कुरवाळत बसलीय असंच वाटलं असतं. काका टक लावून बघत होते.

“पिसं कशाला लावलीस गं बंदुकीला?”

“पाखरांना परकी वाटू नये म्हणून.”

काकांनी मान डोलावली. पाचवं पडलं. सहावं पडलं. सहाच्या वर एकही मारायचं नाही, हा सरकारी कायदा. ऊन नीट वर यायच्या आत ओडीलचे सहा बार, सहा बदकं. काकांची वीस-बावीस काडतुसं, दोन बदकं. ट्रॅव्हिसने एक लाकडी बदक फोडलं होतं.

काकांनी टोपी काढली.

“तेओफिल असाच मारायचा,” ते म्हणाले. “उगीच धडाधड नाही. एक बार, एक पाखरू. जागा तुझी, पोरी.”

ओडीलचे डोळे भरून आले. आणि तिथेच तिची पंचाईत झाली. बापाच्या जागेवर लबाडीने बसायचं तिच्या जिवावर आलं.

“काका, बंदूक अडकली होती,” ती म्हणाली. “पहिल्याच बाराला. सहाही वेळा. अल्सीडने तिला काकवी पाजलीय.”

काका खो-खो हसत सुटले.

“सहा बारांत सहा! आणि म्हणे अडकली! अगं, मी सत्तर पावसाळे पाहिलेत. बंदुकीची कीर्ती झाली तर लोक मागायला येतील, म्हणून ही नाटकं ना?”

“देवाशपथ, काका! एकच बार निघतो तिच्यातून!”

“एकच पुरे की! बदल माझ्याशी.”

“काय?”

“माझी इटालियन घे. ही मला दे. मी तुझ्या बापाचा सख्खा भाऊ आहे, नाही म्हणू नकोस.”

ओडीलने तीनदा नको म्हटलं. दर वेळी काकांना खात्री पटत गेली की पोरगी चांगली वस्तू सोडायला तयार नाही. शेवटी घरी परतताना त्यांची बंदूक तिच्या गाडीत होती.

तरी पण वडीलधाऱ्या माणसाच्या हाती तसली बंदूक देणं ओडीलला बरं वाटेना. तिने अल्सीडला अंगणात बसवलं. गरम पाणी, ब्रश, आणि या वेळी चष्मा. त्याने एकेक भाग धुतला, वाळवला, खऱ्या तेलाने पुसला. बंदूक पुन्हा दुकानातल्यासारखी झाली, आणि रविवारी चर्च सुटल्यावर तिने ती काकांच्या हाती दिली.

पुढच्या शनिवारी लपणात ओडील पूर्वेला बसली, मांडीवर इटालियन. काका मधे, तुर्की छातीशी धरून. पहिला थवा आला. काका उठले. धाड! धाड! धाड! थवा सुखरूप निघून गेला. दुसरा आला. पुन्हा तीन बार, पुन्हा काही नाही. तिसऱ्या थव्यानंतर काकांनी बंदूक खाली ठेवली आणि संतापाने ओडीलकडे वळले.

“बिघडवलीस ना?”

“काय बिघडवलं, काका?”

“तू काय म्हणालीस? एकच बार निघतो! मग आता तीन कसे निघतात? त्या दिवशी एक बार, एक पाखरू. आज नऊ बार आणि हात रिकामे! अशी कशी गं दिलीस? जशी होती तशी करून दे मला!”

नाचता येईना अंगण वाकडं, हे ओडीलच्या ओठांवर आलं होतं. पण माणूस बापाचा भाऊ, आणि पूर्वेकडून पाच बदकं पाय खाली सोडून थेट तिच्या बाजूला उतरत होती.

“करून देऊ, काका,” ती हळूच म्हणाली. “आधी वाका. माझी पाखरं येतायत.”

आणि युलिसकाका निमूटपणे वाकले.