तिसऱ्या ओळीची पंगत

केळीच्या तिसऱ्या ओळीला काहीच घालायचं नाही, असं कामिनीनं सांगितलं, तेव्हा तिच्या सासूबाईंच्या, पुष्पाबाईंच्या हातातला विळा थांबला.

"काहीच नही?"

"काहीच नाही, आई. एका ओळीला आबांच्या पद्धतीनं सगळं खत एकदम. दुसरीला तेवढंच, पण थोडं थोडं, दर आठवड्याला. तिसरी नुसत्या पाण्यावर. नाहीतर खतानं किती वाढलं आणि जमिनीनं किती, ते कळणार कसं?"

"पंगतमा दोघीस्ले वाढो आनि तिसरीले देखत बसाडो? हाई शास्तर नही, पंक्तिभेद शे!"

चोपड्याजवळच्या या शेतात सासऱ्यांचा, जीवराम आबांचा शब्द चाले. धुळ्याहून कृषीची पदवी घेऊन आलेल्या सुनेला त्यांनी एकच संधी दिली होती: तिची ओळ वरचढ ठरली, तर जूनची सगळी लागवड तिच्या पद्धतीनं. विहिरीजवळची ओळ आपल्याला मिळावी म्हणून आबांनी बरीच खटपट केली. तसं केलं तर जिंकेल ती विहिरीची ओल, असं म्हणून कामिनीनं चिठ्ठ्या टाकल्या. उपाशी ओळ नेमकी रस्त्याच्या कडेला आली.

कामिनी दर आठवड्याला बादलीत खत कालवून आपल्या ओळीला घाली. मग बादली विसळून ते पाणी जवळच, रस्त्याच्या बाजूला ओतून देई.

काही महिन्यांनी टेप घेऊन बुंधे मोजले. सगळ्यांत जाड बुंधे तिसऱ्या ओळीचे निघाले.

शेजारचे तोताराम नाना बांधावरूनच ओरडले, "देखा! खत म्हंजे बठ्ठा फसवाफसवीना धंदा शे!" संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. आबांनीही निकाल देऊन टाकला, "मंग जूनमा खतच नको. तुनी पद्धत नको, नि मनीबी नको."

कामिनी हादरली. सगळं शेत उपाशी राहणार, आणि तेही तिच्या प्रयोगाच्या नावावर. ती तडक तिसऱ्या ओळीत गेली आणि बुंध्याजवळचा पालापाचोळा बाजूला केला. खाली खताचे पांढरे दाणे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांना त्या ओळीपाशी उभं केलं.

पुष्पाबाई लगेच म्हणाल्या, "माले कीव उनी. मूठभर टाकं, दुसरं काय!"

कामिनीचा नवरा हितेंद्र खाकरला. "मीपण टाकलं. अगं, घरात धाकटा मी. काहीच वाट्याला न येण्याचं दुःख मला माहीत आहे."

आबा आभाळाकडं पाहत होते.

"आबा?"

"रस्तावरनी ओळ शे," आबा पुटपुटले. "लोके म्हनतीन, जीवरामना घरमा खत सरनं."

"नि तुनी बादली?" पुष्पाबाईंनी विचारलं. "ती कोठे रिकामी व्हयस?"

कामिनीनं पायाखालच्या ओल्या जमिनीकडं पाहिलं.

आबा मात्र एकदम उजळले. "म्हंजे मूठमूठ, घडीघडी! हाई ते तुनीच पद्धत. जितनी तू!"

हो म्हणायचा मोह मोठा होता. कामिनीनं तो आवरला. "नाही आबा. कुणी किती टाकलं, कधी टाकलं, कुणालाच माहीत नाही. यातून काहीच सिद्ध होत नाही. पुन्हा करावं लागेल."

जिंकलेला डाव परत करणारं माणूस आबांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांनी दाढी खाजवली.

"जूनमा अर्धं शेत तुनं, अर्धं मनं," ते म्हणाले. "खत दोन्हीस्ले सारखं."

"आणि उपाशी कुणीच नाही," कामिनी म्हणाली. "एकदम की थोडं थोडं, एवढंच तर बघायचंय आपल्याला."

पुष्पाबाईंचा चेहरा खुलला.

जूनची लागवड झाली. आबांच्या अर्ध्या शेताला खत एकदाच पडलं. पुढच्या आठवड्यात कामिनी बादली घेऊन आली, तर पुष्पाबाई आबांच्या केळीजवळ घुटमळत होत्या.

"एकदाच जेवनी बिचारी..."

कामिनीनं हात पुढं केला. पुष्पाबाईंनी मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली.

तेवढ्यात मागून, कामिनीच्या अर्ध्यातून, आबा आले आणि त्यांनी आपला खिसा झटकला, तर खताचे चार पांढरे दाणे खाली पडले.