डबी चिखलात उतरते

जुनी गाडी कशी निवडायची, हे चष्मेवाल्यांना कोणी शिकवायची गरजच नव्हती! अर्धं आयुष्य लोकांच्या नजरा तपासण्यात गेलेलं. असा माणूस गाडीचा गंज ओळखायला चुकेल?

चुकला नाही. गंज त्यांनी बरोबर पाहिला. तोच पाहत बसले, हा घोटाळा.

थांबा, क्रमाने सांगायला हवं.

गाडी बुटकी, चौकोनी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशी. किंमत ऐकून चष्मेवाल्यांना विकणाऱ्याचीच दया आली. विकणारे गणिताचे मास्तर. ते तळमळीने समजावत होते, "चिखलात शिरण्याआधी खाली उतरायचं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध ही चकती आहे ना, ती हाताने फिरवायची. नाहीतर पुढची चाकं नुसती शोभेची!"

"हो, हो," दाराखालचा गंज नखाने खरवडत चष्मेवाले म्हणाले.

घरी बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली.

"ही गाडी आहे की पत्र्याची डबी?"

"अगं, ही डोंगर चढते!"

"तुमच्या आधीच्या गाड्या मी बसून कमी आणि ढकलून जास्त वापरल्यात. तेव्हा ऐका. ही डबी ढकलायला मला एकदा जरी खाली उतरावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी ती दारात दिसता कामा नये!"

"मान्य!"

मान्य म्हणाले खरे, पण डबी त्यांना हवीच होती. अंधाऱ्या खोलीत बसून जन्मभर लोकांना समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणारा माणूस. त्याला एकदा तरी, मध्ये भिंत नसलेलं काहीतरी बघायचं होतं. डबी गेली की तेही गेलं.

म्हणून बायकोचं मन जिंकायला त्यांनी डबी घासली, पुसली, चमकवली. पुढच्या चाकांच्या मधोमधचे ते मळकट गोळे मात्र डोळ्यांत खुपत होते. त्यांवर त्यांनी स्टीलच्या चकचकीत टोप्या बसवल्या. आणि चिकटवल्या कशाने? चष्म्याच्या काड्या जोडायच्या खास ग्लूने! 'फ्रेम मोडेल, जोड सुटणार नाही' अशी दुकानात पाटीच होती.

रविवार. टेकडीचा कच्चा रस्ता. स्टिअरिंगवर चष्मेवाले, शेजारी बायको, मागे हनुवटीला गुडघे टेकवून सासरे. समोर चिखल!

"आता बघाच!" चष्मेवाले गरजले.

घुर्रर्र.

घुर्रर्रर्रर्र.

घु

डबक्यात म्हैस बसावी तशी डबी निवांत बसली.

"जावईबापू, पोहोचलो का?"

"जवळजवळ, बाबा!"

"मग टेकडी कुठे गेली?"

बायकोने दाराच्या कडीला हात घातला.

"उतरू नकोस!" सीटला आग लागल्यासारखे चष्मेवाले ओरडले. "गाडी अडकलेली नाही. ती... अंदाज घेतेय."

"कशाचा? विहीर खणायचा?"

चष्मेवाल्यांनी स्वतःच उडी मारली. पाय वर आला, बूट खालीच राहिला. बायकोने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, एक पाय लांब करून ॲक्सिलरेटर दाबून पाहिला.

"अहो, पुढची चाकं हलतसुद्धा नाहीत! मागचीच दोन थयथयाट करतायत."

पुढची चाकं.

चकती. हाताने. फिरवायची.

टोप्या!

ग्लू!!

खिशात हत्यार एकच, चष्म्याचे स्क्रू पिळायचा स्क्रूड्रायव्हर. दातकोरण्याचा थोरला भाऊ म्हणा! तो घेऊन चष्मेवाले चिखलात पोटावर आडवे झाले.

"काय करतोय तो?" सासऱ्यांनी विचारलं.

"चाकांचा नंबर काढतायत," बायको म्हणाली.

आपलं काम कच्चं निघावं, अशी इच्छा चष्मेवाल्यांना आयुष्यात पहिल्यांदाच झाली. काम कसलं कच्चं! स्क्रूड्रायव्हर वाकला. टोपी हसत राहिली. शेवटी दगडाने ठोकून ठोकून दोन्ही टोप्या चेपल्या, तेव्हा कुठे निघाल्या. चकत्या फिरल्या. चष्मेवाले उभे राहिले ते कुंभाराच्या चाकावरून नुकतेच उतरल्यासारखे.

"झालं! सरक, आता मी—"

"त्या अवतारात सीटवर? मुळीच नाही!" म्हणत बायको स्टिअरिंगमागे सरकली.

"अगं, पण तू..."

"मी ढकलणार नाही, एवढंच ठरलं होतं. चालवणार नाही, असं मी कधी म्हणाले?"

डबी गुरगुरली. या वेळी चारही चाकांनी जमीन धरली आणि डबी सुटली! चिखलाचा एक भरघोस फवारा चष्मेवाल्यांच्या चष्म्यावर बसला. त्यांना दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र आलं. लांब जाणारं इंजिन, सासऱ्यांचं "अजून जोरात!" आणि कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं असं बायकोचं खळखळून हसणं.

एका बुटावर लंगडत ते माथ्यावर पोहोचले, तर दोघं बॉनेटवर बसलेली.

"अहो, केवढं लांबचं दिसतंय!"

चष्मेवाल्यांनी शर्टाने काचा पुसल्या. शर्ट काचांपेक्षा मळका होता.

"मग... डबी विकायची का?" त्यांनी घाबरत विचारलं.

"वेड लागलंय का? पुढच्या रविवारी नदीकडे नेणार आहे मी!"

"आणि मी?"

"तुम्ही मागे बसा. बाबांना पुढूनच मजा येते."

तेव्हापासून दर रविवारी डबी डोंगर-दऱ्या पालथ्या घालते. मागच्या सीटवरून चष्मेवाल्यांना सासऱ्यांचं टक्कल दिसतं. अगदी स्पष्ट, चष्मा न लावताही!