हो सरांच्या लांब बाह्या

यीलानमधल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवणाऱ्या सरांचं आडनाव होतं हो. आपल्याला यात गंमत वाटेल, पण त्यांच्या चिनी लिपीत त्या अक्षराचा जुना अर्थ ‘काय?’ असा आहे. त्या दिवशी हेडमास्तरांच्या प्रश्नावर सरांनी नुसतं आपलं आडनाव उच्चारलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण ते नेमके मराठी अर्थाने वागले. म्हणजे मान हलवली.

आता त्यात त्यांचा दोष किती? स्टाफरूमच्या खिडकीबाहेर भाताची खाचरं होती, लावणीआधी त्यांत पाणी सोडलेलं होतं, आणि त्या पाण्यात अख्खं आभाळ उतरलेलं होतं. एक बगळा ढगावर पाय ठेवून उभा होता. तो उडाला तर ढग फुटेल की हलेल, या विचारात सर पार बुडालेले. अशा वेळी हेडमास्तरच काय, भूकंप जरी विचारायला आला असता, ‘येऊ का?’ म्हणून, तरी सरांनी मान हलवलीच असती.

“बरं झालं बाई,” संगीताच्या पेंग बाई नंतर म्हणाल्या. “मला वाटलं होतं, नाच रद्दच होतो यंदा.”

“कुठला नाच?”

“तुम्ही बसवणार आहात तो.”

नाच शिकवणाऱ्या त्साय बाई बाळंतपणासाठी ठरल्यापेक्षा आधीच रजेवर गेल्या होत्या. शाळेच्या वर्धापनदिनाला अकरावीच्या मुलींचा लांब बाह्यांचा नाच होता. हातांपुढे पांढऱ्या रेशमाचे लांबच लांब पट्टे, ते झटकले की पाण्यासारखे वाहत जातात. ‘धुक्याचा नाच’ असं नावही कार्यक्रमपत्रिकेत छापून झालं होतं. (सरांना ते नाव फार आवडलं. संकटाचंही नाव चांगलं असलं की ते निम्मं कमी झालं, असं त्यांना वाटे. उरलेलं निम्मं मग त्यांच्या पायांत येई.)

सरांनी नाच फळ्यावर काढून शिकवायचं ठरवलं.

“सर, या बाईला तीन हात आहेत,” शाओथिंग म्हणाली. ती वर्गातली सगळ्यात सरळ बोलणारी मुलगी.

“हा हात आधी इथे होता. मग तो तिथे गेला.”

“आणि तिसरा?”

“तो जाताना.”

मुलींनी समजुतीने माना डोलावल्या. मग सर म्हणाले, “सगळं विसरा. डोळे मिटा आणि धुकं व्हा.” पेंग बाईंनी बासरी धरली, मुलींनी डोळे मिटले, आणि जरा वेळाने दोन धुकी एकमेकांवर आपटली.

“धुक्याला नाक नसतं सर,” शाओथिंग नाक चोळत म्हणाली. “आम्हाला आहे.”

तेव्हा सरांनी ठरवलं, आधी स्वतः शिकायचं. बायकोला, रुईछिनला, त्यांनी हे सांगितलं, तेव्हा ती मुळ्याचा केक तळत होती. तिने झारा खाली ठेवला.

“तुला आपल्या लग्नात नाचताना पाहिलंय मी. लोक धरायला धावले होते.”

हो सर घरजावई होते. घर सासूबाईंचं, आणि त्या घरात तेव्हा एकच विषय गाजत होता: सासूबाईंचा गुडघा. डॉक्टर म्हणत होते, बदलून घ्या. सासूबाई म्हणत होत्या, यांना विचारते. ‘हे’ म्हणजे सासरे, आणि ते देव्हाऱ्यातल्या पाटीवर नाव होऊन कधीच बसले होते. सासूबाई रोज त्यांच्यापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकून कौल लावत. एक पालथी आणि एक उताणी पडली तर होकार, दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. पण दरवेळी दोन्ही उताण्याच पडत. याचा अर्थ, वरचे हसताहेत.

“बाबा हयात असतानाही असंच करायचे,” रुईछिन कपाळाला हात लावायची. “काही विचारा, हसणार.”

सासूबाईंना आता भिंत धरूनच चालावं लागे. पण हसण्यावर काही ऑपरेशन करून घेता येत नाही.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. रुईछिन औषधांच्या दुकानात कामावर, सासूबाई देवळात. धुकं इतकं की समुद्र चालत दारापर्यंत आलाय असं वाटत होतं. सरांनी दिवाणखान्याचे पांढरे पडदे काढले, ते पिनांनी सदऱ्याच्या बाह्यांना टाचले, खिडक्या उघड्या टाकल्या आणि फोनवर बासरी लावली. धुकं आत आलं, देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या धुरात मिसळलं. सरांनी उजवा हात झटकला, आणि काय सांगावं, पडदा खरोखरच वाहिला. डावा झटकला, तोही वाहिला. सर गिरकी घेऊ लागले. आपण बगळा आहोत, खाली आभाळ आहे, आणि ते फुटत नाहीये, असं काहीसं त्यांना वाटत होतं.

बासरी संपली. पडदे सावकाश खाली आले. दारात सासूबाई उभ्या होत्या.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या. “आलात?”

अंगावर पांढरं, भोवती धुकं, पाठीशी देव्हारा. ‘मी जावई’ असं आता सांगावं, तर म्हातारीला धक्का बसायचा. न सांगावं, तर पुढे काय?

सासूबाई भिंत धरत पुढे आल्या, खुर्चीवर बसल्या. त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“बारीक झालात,” त्या म्हणाल्या. मग पदर सावरावा तसा त्यांनी स्वेटर सावरला आणि आवाज जरा चढवला. “तुम्ही गेलात सुटून. माझ्या वाट्याला हा जावई. मनाने वाईट नाही. पण भात लावायचा म्हटलं तर भाताचं चित्र काढतो. नळ गळतो, तर म्हणतो, आवाज छान येतोय. पोरगी दिवसभर राबते आणि हा ढग मोजतो.”

सरांना ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सबंध आयुष्यात ते इतके स्थिर कधी उभे राहिले नव्हते. हात अर्धवट वर, पडदे लोंबकळत, कान सासूबाईंच्या शब्दाशब्दाला लागलेले.

आणि मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “भीती वाटते हो. झोपवतात म्हणे. तुम्ही झोपलात ते उठलाच नाहीत. करू का मी ऑपरेशन?”

सरांनी मान हलवली. या वेळी प्रश्न नीट ऐकून.

रात्री जेवताना सासूबाईंनी जाहीर केलं, “तारीख घ्या. हे येऊन गेले.” रुईछिनने आईकडे पाहिलं, उघड्या खिडक्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“पडदे कुठेत?”

“धुवायला,” सर म्हणाले आणि त्यांनी वाडग्यात तोंड खुपसलं.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर सरांना एकही ढग दिसला नाही. काही बरंवाईट झालं, तर मान आपली हलली होती, एवढंच डोक्यात घुमत होतं. सासूबाई शुद्धीवर येऊन “भूक लागली” म्हणाल्या, तेव्हा रुईछिन हसली आणि सर भिंतीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी फळा पुसून टाकला. “हात झटकू नका,” ते मुलींना म्हणाले. “उभ्या राहा. समोर कोणीतरी तुमच्याशी बोलतंय, असं माणूस, ज्याला तुम्ही नाही म्हणू शकत नाही. त्याचं संपेपर्यंत ऐका. मग हात आपोआप खाली येईल.” शाओथिंग काहीतरी बोलणार होती. त्याऐवजी तिने हात वर धरला. तिची बाही इतकी सावकाश उतरली की पेंग बाई फुंकायच्या थांबल्या.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. सासूबाई काठी टेकत, पण आपल्या पायांनी चालत आल्या आणि जावयाशेजारी बसल्या. दिवे मंदावले. मुली आल्या, थांबल्या, आणि पांढऱ्या बाह्या एकदम वर जाऊन धुक्यासारख्या खाली तरंगू लागल्या. सरांना घाम फुटला. शेजारी आता काय होणार? त्यांची बाजूला बघायची छाती होईना.

“मुली छान करतात,” सासूबाई पुढे बघतच पुटपुटल्या. “तुझे हात फार वर जात होते.”

हो सरांना खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं. “आई, तुम्हाला ठाऊक होतं?”

“आधी वाटलं, हेच आलेत. मग तुझ्या पायांत माझ्या गुलाबी सपाता दिसल्या.”

“मग मला विचारलंत कशाला?”

“हे नुसते हसतात. कोणीतरी मान हलवायला हवी होती रे.”

स्टेजवर बाह्या पुन्हा उठल्या. सरांनी धीर करून विचारलं, “पण आई, ते माझ्याबद्दल जे बोललात, ते सपाता दिसायच्या आधी ना?”

“नंतर,” सासूबाई म्हणाल्या. “एरवी तू कुठे एवढं उभं राहून ऐकतोस?”