अकरा सेकंदांच्या व्हिडिओपायी जाहलेली गराफ्याची लढाई

दोहा शहर व भोवतालच्या मुलुखातील लहानथोर, एसीत बसणारे आणि उन्हात उभे राहणारे, ऐशा सकळांस विदित व्हावे जे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी, गुरुवारी, सांजेची मगरीबची अजान होऊन गेल्यावर, अल गराफ्याचे कॉलेज आणि अबू हमूरचे कॉलेज या दोन मातबर दौलतींमध्ये मुलींच्या बास्केटबॉलची जी घनघोर लढाई जाहली, तिची हकीकत पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हांनी सांगितली, त्यात निम्मी खोटी आणि उरलेली संजीवरावांची, सबब जे घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवणे प्राप्त जाहले.

मूळ कारण रँकिंग. या मुलुखी सहा कॉलेजे, आणि श्रेयस नामे सेकंड इयरचा मुलगा दर शुक्रवारी लॅपटॉपवर सहांचा तक्ता करून ग्रुपवर धाडी, आणि तो तक्ता म्हणजे जणू बादशाही फर्मान. ज्यांचे नाव अव्वल ते आठवडाभर मॉलमध्ये छाती काढून चालत, आणि जे दुसरे ते म्हणत की श्रेयसला साधी बेरीज येत नाही. ते समयी अबू हमूर अव्वल, गराफा दुय्यम, आणि गुरुवारी जो जिंकेल त्याची सालभर गादी.

अबू हमूरचे सरलष्कर, म्हणजे कोच, श्रीमंत संजीवराव, मूळचे पुण्याचे, गॅस कंपनीत बड्या हुद्द्यावर, गळ्यात शिट्ट्या दोन, कारण ऐन वेळी एक बिघडली तर? आपण युनिव्हर्सिटीकडून खेळलो हे ते दर भेटीत सांगत, मात्र कोणत्या, ते कधी सांगत नसत. गराफ्याचे कोच शहाजी सर, तासगावाकडचे, मेसईदच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवीत, कुटुंब गावी, मुक्काम कंपनीच्या खोलीत. ड्युटी उतरली की कंपनीच्या बसमधून दोह्यास येत आणि पोरींना खेळ शिकवीत. संजीवराव त्यांस चारचौघांत "आमचे क्रेनवाले" म्हणत, आणि आपण विनोद केला असे समजत.

मग ऐसे जाहले की मागील महिन्यात शहाजी सर आपल्या पोरींच्या पायांच्या चुका दाखवावयास मोबाईलवर सरावाचे चित्रण करीत होते, आणि पलीकडल्या बास्केटखाली खुद्द संजीवराव आपल्या फौजेस ले-अप शिकवावयास धावत आले, आणि उडी मारली, आणि चेंडू रिंगवर आपटोन थेट त्यांच्याच कपाळी परत आला, आणि श्रीमंत बैठकीवर आले. एकूण अकरा सेकंद. सरांनी ते चित्रण टीमच्या ग्रुपवर टाकले, पायांसाठी. तेथून गराफ्याची कॅप्टन गार्गी हिने काही एक विचार न करिता येथल्या मराठी मंडळाच्या साडेतीनशे जणांच्या ग्रुपवर सारले, वरी हसून रडणाऱ्या सात इमोजी. तासाभरात अबू हमूर हसले, मेसईद हसले, नातलगांमार्फत पार नाशिकही हसले.

या मुलुखाचा कायदा ऐसा की, कोणाची तसबीर त्याच्या परवानगीवाचोन पसरविणे हा गुन्हा. संजीवरावांनी ठाण्यात फिर्याद गुदरली. सर म्हणाले, फोन माझा, व्हिडिओ माझा, सबब गुन्हा माझा, आणि गार्गीचे नाव काढिलेच नाही. आता खटला उभा राहिला तर कंपनी व्हिसा रद्द करून सरांस तासगावास रवाना करणार, हे उघड. गार्गीने दोन दिवस डबा उघडला नाही. रडली मात्र पुष्कळ, तेही बाथरूममध्ये नळ सोडोन.

सरांस ठाण्यात हजर होण्याची वेळ आली ती नेमकी लढाईचीच. संजीवरावांचा हिशेब असा की, कोच नाही तर टीम उतरणार नाही, टीम उतरली नाही तर वीस-शून्याने फत्ते, घाम न गाळता. वर त्यांनी जिमच्या दारावर कागद डकविला की आत कोणी मोबाईल काढील तर त्यावरही केस होईल. आपल्या कपाळाची एवढी धास्ती घेतलेला सरदार पूर्वी जाहला नसेल.

परंतु पंच रहमान साहेब जुने, बारा वर्षे शिट्टी फुंकोन गाल सुटलेले. त्यांनी नियमांची वही काढून हुकूम फर्माविला की कोच गैरहजर असता कॅप्टन हीच कोच, मैदान सोडण्याचे कारण नाही. संजीवरावांचे तोंड लिंबू चोखल्यागत जाहले.

मग शिट्टी वाजली आणि रण पेटले. गार्गीने खेळावेही आणि टाइमआउटही मागावा, पोरी बदलाव्या, दम घ्यावा, पुन्हा धावावे. मध्यंतरास गराफा आठ गुणांनी मागे. संजीवराव दोन्ही शिट्ट्या गळ्यात खुळखुळवीत फिरू लागले. तिसऱ्या डावात गराफ्याने अंतर दोन गुणांवर आणिले, आणि चौथ्यात श्वास कोणासच उरला नाही. एकोणचाळीस-चाळीस, शेवटले तीन सेकंद, गार्गीने कोपऱ्यातोन चेंडू टाकिला, भोंगा वाजला, आणि चेंडू जाळ्यातून उतरला. एक्केचाळीस-चाळीस!

"टाइम संपला होता!" संजीवराव ओरडले. "भोंग्यानंतर टाकलाय! चीटिंग आहे ही!"

रहमान साहेबांनी फर्माविले की पुरावा असेल तर एका तासात आणावा, नाही तर निकाल कायम. संजीवरावांनी चहूंकडे पाहिले. दोनशे माणसे, आणि दोनशे मोबाईल खिशात, त्यांच्याच कागदाच्या भयाने.

तेव्हां श्रीमंतांच्या कुटुंबाने, नीता काकूंनी, वरल्या पायरीवरून भर सभेत आवाज दिला, "अहो, असं काय करताय? मी काढलाय ना व्हिडिओ! पूर्ण मॅच आहे. गार्गीचा तर क्लोजअप आलाय, इतकी गोड दिसतेय!"

तोच गार्गी घाम पुशीत पुढे आली.

"काकू, मला विचारलंत?"

"अगं, त्यात काय विचारायचं?"

"तेच ना. काका, बारा जणी आहोत आम्ही त्यात. परवानगी कुणाची घेतलीत?"

"नीता," संजीवराव दातांतून बोलले, "तुला कोणी सांगितलं होतं गं?"

"तुम्हीच तर म्हणालात, आज जिंकणार, आठवण राहील!"

मग गार्गीने तहाचे कलम कळविले की, फिर्याद मागे घ्यावी, शहाजी सरांस येथे या लाकडी फरशीवर आणून उभे करावे, मग व्हिडिओ खुशाल दाखवावा, आम्हां बारा जणींची परवानगी. नाही तर आम्हीही ठाण्याची वाट ओळखतो. "यल्ला, चला काका, पन्नास मिनिटं उरली."

आणि गादीचा लोभ असा की संजीवराव स्वतः गाडी काढून धावले. रविवारी ज्या फिर्यादीस "तत्त्वाचा प्रश्न" म्हणत होते, ती गुरुवारी गराफ्याच्या सिग्नलवर हॉर्न वाजवीत मागे घ्यावयास निघाले. ठाण्यातील अंमलदार फैसल साहेबांनी विचारिले, "खलास?" श्रीमंत म्हणाले, "खलास, खलास," आणि सही केली. चौतिसाव्या मिनिटास त्यांच्याच गाडीतून, पुढल्या सीटवर बसोन, कारखान्याचे बूट गालिच्यावर ठेवून, शहाजी सर परत आले. ऐसी पालखी क्वचित कोणास शत्रूने पुरविली असेल.

व्हिडिओ लावला. रहमान साहेबांनी थांबविला, मागे घेतला, पुन्हा थांबविला. चेंडू गार्गीच्या हातून सुटलेला, आणि मागल्या घड्याळात अजून सेकंदाचे चार दशांश शिल्लक.

"अय्या, किती स्पष्ट आलंय!" नीता काकू म्हणाल्या.

"अँगल चुकीचा आहे," संजीवराव म्हणाले.

पोरी नाचत असता गार्गी सरांपाशी गेली आणि म्हणाली, "सर, तो व्हिडिओ ग्रुपवर मी..."

"ठावं हाय की. फॉरवर्ड केलं की नाव दिसतंय वर, एवढं मला बी कळतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तुझी परीक्षा, तुझा व्हिसा, तुझे आईबाप." मग सरांनी काकूंच्या मोबाईलकडे बोट केले. "त्ये ऱ्हाऊ दे. टाकताना डावा पाय कुठं गेलाय तुझा? बघ, बघ. उद्या शंभर वेळा."

येणेप्रमाणे गराफ्याची फत्ते एका गुणाने जाहली. शुक्रवारी तक्त्यात गराफा अव्वल, अबू हमूर दुय्यम जाहले, आणि श्रीमंत मंडळाच्या ग्रुपमधून निघोन गेले, ते कोणी आग्रह केल्यास परततील ऐसे ऐकिवात आहे, आग्रह अद्याप कोणी केला नाही. आणि रविवारी पहाटे सहाच्या शिफ्टला, मेसईद मुक्कामी, शहाजी सर नित्याप्रमाणे क्रेनवर चढोन कामास लागले. या लढाईत हेच जिंकिले, ऐसी नोंद केली असे.